इन्सुलिन चालू असलेल्या बोक्याचं खाणं कसं बदलावं

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी त्यातलं महत्त्वाचं तेवढं पुन्हा मांडते. नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. वर्षभरापूर्वी साडेसात किलोचा होता, आता ६.८ किलो भरतो. पाणी खूप पितो, लिटरच्या वाळूत शूचे मोठे मोठे गोळे निघतात, सारखा खायला मागतो. मधुमेह निघाला आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन सुरू झालं. आजवर ड्राय फूडची वाटी दिवसभर भरलेली असायची. डॉक्टरांनी मधुमेहासाठीचं ड्राय फूड लिहून दिलं, एका ओळखीच्यांनी ‘ड्राय फूड आजच्या आज बंद करा’ म्हटलं, तर दुसऱ्यांनी ‘इंजेक्शनच्या वेळा सोडून एक दाणाही देऊ नका’ असं बजावलं. त्यात परवा सकाळी त्याने वाटीला तोंडच लावलं नाही आणि हातात सिरिंज घेऊन तुम्ही नुसते बसून राहिलात. शिवाय घरात दुसरी मांजर आहेच.

तुम्ही विचारलंय की कोणतं खाणं सगळ्यात चांगलं. त्याचं उत्तर मी देणार आहे, आणि ते फार अवघड नाही. खरी अडचण अशी की तुमचा बोका आता इन्सुलिनवर आहे, आणि अशा बोक्याचं खाणं बदलणं म्हणजे त्याच्या औषधाचा डोस बदलण्यासारखंच आहे. वाटीत काय पडतं आणि सिरिंजमध्ये किती भरतो, हा हिशेब एकत्रच करावा लागतो. तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत थोडं थोडं तथ्य आहे, पण या हिशेबाबद्दल कुणीच बोललेलं दिसत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मूत्रपिंडं ठीक आहेत का? स्वादुपिंडाला सूज आहे का? दात दुखतात का, लघवीत जंतुसंसर्ग आहे का? कुठल्या जुन्या आजारासाठी स्टेरॉइड चालू होतं का? इन्सुलिन कोणतं आहे? यांतल्या एकाचंही उत्तर वेगळं निघालं तर माझा सल्ला बदलेल. तुमच्या लिहिण्यावरून रक्ततपासणीत बाकी सगळं बरं निघालं आहे असं मी धरून चालते.

आधी मांजराच्या शरीराबद्दल. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याच्या लाळेत पिष्ट (स्टार्च) पचवणारं विकर (एन्झाइम) नसतं आणि जेवणानंतर येणारी साखर झटपट साठवून टाकणारं यकृतातल्या यंत्रणेचं एक महत्त्वाचं विकरही फार कमी काम करतं. उलट प्रथिनांपासून साखर तयार करण्याचं काम त्याचं यकृत रात्रंदिवस करत असतं. म्हणजे खाण्यातून पिष्ट मिळालं नाही तरी मांजराचं काही अडत नाही, आणि भरपूर मिळालं तर ते निस्तरायला त्याला वेळ लागतो. निरोगी, सडपातळ मांजर ते निभावून नेतं. पण वजन वाढलेल्या, नसबंदी झालेल्या, वय झालेल्या बोक्यात इन्सुलिनचा परिणामच कमी होतो, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून बनवून थकतं, आणि मग साखर चढी राहू लागते. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप २ सारखा असतो तो या अर्थाने. त्यात एक आशेची जागाही आहे: साखर लवकर आटोक्यात आली तर थकलेलं स्वादुपिंड काही मांजरांत पुन्हा कामाला लागतं आणि इन्सुलिन बंद करता येतं. खाण्यावर मी इतका जोर देते तो मुख्यतः यासाठी.

पूर्वी मधुमेही मांजरांना भरपूर तंतुमय पदार्थ असलेलं खाणं सांगितलं जाई. आता प्रथिनं जास्त आणि कर्बोदकं (म्हणजे पिष्ट आणि साखर) कमी यावर बहुतेकांचं एकमत आहे. ढोबळ मर्यादा अशी: एकूण कॅलरींपैकी कर्बोदकांतून येणाऱ्या कॅलरी १२ ते १५ टक्क्यांच्या आत, आणि प्रथिनांतून येणाऱ्या ४० टक्क्यांच्या वर.

हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, काढावं लागतं. पाकिटाच्या मागे प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि कधीकधी ॲश (खनिजांची राख) यांचे टक्के दिलेले असतात. या सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा करा, उरतं ते कर्बोदक. ॲश दिलेली नसेल तर वेट फूडसाठी (डब्यातलं किंवा पाउचमधलं ओलं खाणं) २ आणि ड्रायसाठी ७ धरा. मग प्रोटीन आणि कर्बोदकांना ग्रॅममागे ३.५ कॅलरी आणि फॅटला ८.५ कॅलरी लावा.

एक वेट फूड घेऊ: प्रोटीन ११, फॅट ५, फायबर ०.५, ॲश २, ओलावा ८०. बेरीज ९८.५, म्हणजे कर्बोदकं दीड टक्का. शंभर ग्रॅममागे साधारण ८६ कॅलरी होतात आणि त्यातल्या जेमतेम ५ कर्बोदकांच्या, म्हणजे ६ टक्के. आता नेहमीचं ड्राय फूड: प्रोटीन ३२, फॅट १४, फायबर ३, ॲश ७, ओलावा ८. उरले ३६. शंभर ग्रॅममागे ३५७ कॅलरी, त्यातल्या १२६ कर्बोदकांच्या, म्हणजे ३५ टक्के. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘हाय प्रोटीन’ लिहिलेलं असलं तरी हे गणित बदलत नाही. हे आकडे अंदाजाचे असतात हेही लक्षात ठेवा. पाकिटावर बहुधा प्रोटीन-फॅटचं किमान आणि ओलावा-फायबरचं कमाल प्रमाण छापतात, आणि वेट फूडमध्ये एका टक्क्याच्या फरकाने उत्तर चांगलंच हलतं. कंपनीला विचारलं तर प्रत्यक्ष सरासरी आकडे मिळू शकतात. ते मिळाले तर तेच वापरा.

या गणितातून दोन गैरसमज आपोआप दूर होतात. ‘ग्रेन फ्री’ म्हणजे कमी कर्बोदकांचं असं नाही. गव्हा-मक्याऐवजी बटाटा, वाटाणा किंवा टॅपिओका घातलेला असतो, कारण दाणा बांधून ठेवायला पिष्ट लागतंच. आणि वेट फूड म्हटलं की ते चालेलच असंही नाही. रश्शातल्या तुकड्यांच्या पाउचमध्ये रस्सा दाट करायला पिष्ट घातलेलं असू शकतं. मऊ, एकजीव वाटलेलं पाटे-छाप वेट फूड साधारणपणे जास्त सुरक्षित. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ड्राय फूडचं विचाराल तर ते नेहमीच्या ड्रायपेक्षा नक्की बरं, पण चांगल्या वेट फूडइतकं कर्बोदक त्यात खाली जात नाही. एखादं मांजर वेट फूडला अजिबात तोंड लावत नसेल तर मी स्वतः तेच देते, आणि त्याबद्दल कुणी वाईट वाटून घेऊ नये.

आता ‘आजच्या आज बंद करा’ या सल्ल्याकडे येते, कारण तो तुमच्या बोक्यासाठी धोक्याचा आहे. आत्ताचा इन्सुलिनचा डोस ठरला तेव्हा तो ३५ टक्के कर्बोदकांचं खाणं खात होता. उद्या सकाळी तुम्ही ते ६ टक्क्यांवर आणलंत आणि डोस तोच ठेवलात, तर रक्तातली साखर नको तितकी खाली जाऊ शकते. मांजर जितक्या मनापासून नवं खाणं स्वीकारेल तितका हा धोका जास्त! म्हणून क्रम असा ठेवा. आधी डॉक्टरांना फोन करून सांगा की मी वेट फूडवर नेणार आहे, अमुक ब्रँड, इतक्या दिवसांत. ते डोस आधीच थोडा उतरवतील किंवा साखर किती वेळा मोजायची ते सांगतील. मग सात ते दहा दिवसांत हळूहळू बदल करा. या काळात घरी कानाच्या कडेला टोचून साखर मोजता आली तर फारच उत्तम. पहिल्या दिवशी हात थरथरतो, पण बहुतेक मांजरांना इंजेक्शनपेक्षा त्याचा त्रास कमी वाटतो. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, तेव्हा आकडा डॉक्टरांना सांगताना यंत्र कोणतं तेही सांगा. आणि किती आकड्याखाली इंजेक्शन द्यायचं नाही, हे त्यांच्याकडून लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवा.

साखर उतरल्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत: चालताना झोकांड्या जाणं, एकाएकी मलूल होणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन एकटक बघणं, अचानक आलेली वखवख, थरथर, शेवटी झटके. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर लगेच खायला द्या. आणि इथे ड्राय फूड चालतं, किंबहुना तेच हवं. म्हणून त्याचा एक छोटा डबा घरात ठेवून द्या, सगळं टाकून देऊ नका. शुद्ध हरपली असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका. मध किंवा ग्लुकोजचा पाक हिरड्यांना बाहेरून चोळा, बोटं दातांपासून दूर ठेवा आणि तसेच दवाखान्यात निघा. थोडा सुधारला म्हणून घरी थांबू नका. इन्सुलिनचा अंमल अजून बाकी असतो. पुढचं इंजेक्शन डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही.

ड्राय फूडला चटावलेलं मांजर वेट फूडवर नेणं हे चिकाटीचं काम आहे. पहिली गोष्ट म्हणजे दिवसभर भरलेली वाटी उचला. ठरलेल्या वेळी वाटी ठेवायची, अर्ध्या तासाने उचलायची, पण सुरुवातीला तेच ड्राय फूड द्यायचं. खाण्याच्या वेळेला भूक लागायची सवय झाली की निम्मी लढाई जिंकलीच. मग शेजारी चमचाभर वेट फूड, मग त्यावर चुरलेले दोन-चार दाणे. वेट फूड फ्रिजमधून थेट देऊ नका. मांजर वासावर खातं, आणि थंड खाण्याला वासच येत नाही. वाटी गरम पाण्यात धरून कोमट करा. एक प्रकार नाकारला तर दुसरा पोत करून बघा. आणि ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हा हट्ट कृपा करून धरू नका. कुत्र्याच्या बाबतीत तो एकवेळ चालून जाईल. वजनदार मांजर एक-दोन दिवस उपाशी राहिलं तर अंगावरची चरबी यकृतात जमा व्हायला लागते, आणि तो आजार मधुमेहापेक्षा लवकर जीवावर बेततो. त्याने चोवीस तास नीट खाल्लं नाही तर बदल थांबवा, जे खातो ते द्या आणि डॉक्टरांना कळवा.

किती द्यायचं? इथे बहुतेक जण घाई करतात. बोका जाड आहे, मधुमेह जाडीमुळे झाला, म्हणून पहिल्याच दिवसापासून खाणं कापायचं. तुमच्या बोक्याचं गेल्या वर्षभरात कमी झालेलं वजन आहारामुळे कमी झालेलं नाही. साखर लघवीवाटे वाहून जात होती, पेशींना ती मिळत नव्हती, आणि शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळत होतं. पाठीच्या कण्यावरून हात फिरवून बघा. पोट लोंबतं आहे पण कणा हाताला टोचतो, असं बऱ्याच मधुमेही मांजरांत सापडतं. त्यामुळे साखर आटोक्यात येऊन वजन स्थिर होईपर्यंत मी कॅलरी कापत नाही. त्याची सारखी खा-खा हासुद्धा आजाराचाच भाग आहे, लाडावल्याचं लक्षण नव्हे. इन्सुलिन लागू पडलं की ती बरीच कमी होते.

वजन थांबलं की मग हिशेब. त्याच्यासाठी योग्य वजन, समजा, ५ किलो आहे. ५ किलोच्या मांजराची विश्रांतीच्या अवस्थेतली गरज साधारण २३५ कॅलरी येते. वजन उतरवायला त्याच्या ८० टक्के, म्हणजे १८७च्या आसपास. वरच्या उदाहरणातलं वेट फूड धरलं तर हे २१५ ग्रॅम होतं, आणि ड्राय फूड धरलं तर जेमतेम ५२ ग्रॅम. एवढ्या ५२ ग्रॅमवर दिवस काढायला लावलेलं मांजर मागेमागे फिरणारच. त्याच कॅलरीत चौपट वजनाचं, पाण्याने भरलेलं खाणं मिळालं तर त्याचं पोट तरी भरतं. वाटी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, चमच्याने किंवा कपाने नको. दर आठवड्याला वजन अर्धा ते एक टक्का उतरावं. तुमच्या बोक्यासाठी ते ३५ ते ७० ग्रॅम होतं. त्यापेक्षा वेगाने उतरत असेल तर आनंद मानू नका, साखर पुन्हा चढली आहे का ते तपासा.

‘इंजेक्शनच्या वेळा सोडून एक दाणाही नाही’ हा नियम खरं तर कुत्र्यांच्या उपचारातून इकडे आला असावा. मांजरात, त्यातही कमी कर्बोदकांच्या खाण्यावर, जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. हळूहळू थोडी चढते. त्यामुळे ग्लार्जिनसारखं सावकाश आणि एकसारखं काम करणारं इन्सुलिन असेल तर दिवसाचं खाणं चार-पाच वेळा विभागून दिलं तरी चालतं, आणि मांजराच्या स्वभावाला तेच मानवतं. तुमचं इन्सुलिन मध्येच जोरात काम करून ओसरणाऱ्या प्रकारचं असेल, तर मोठा वाटा इंजेक्शनच्या वेळीच असावा. दोन्हींत एक गोष्ट पाळायची: रोजचं एकूण खाणं आणि त्याची वाटणी तीच. सोमवारी पाच वाट्या आणि मंगळवारी दोन, असं झालं की डोस ठरवणाऱ्याला काहीच कळत नाही. पहाटे चारला उठवत असेल तर रात्रीच्या वाट्यातला थोडा भाग बाजूला ठेवून वेळ लावलेल्या फीडरमध्ये टाका. पहाटेच्या खाण्याचं श्रेय त्या यंत्राला जाऊ दे.

परवा सकाळचा प्रश्न. नेहमीच खाणं आधी, इंजेक्शन नंतर. किंवा तो खात असतानाच. पूर्ण खाल्लं तर पूर्ण डोस. अर्धवट खाल्लं किंवा अजिबात खाल्लं नाही, तर पूर्ण डोस द्यायचा नाही आणि आपल्या मनाने डोस ठरवायचाही नाही: साखर मोजता येत असेल तर मोजा आणि फोन करा. एखादं इंजेक्शन चुकल्याने सहसा मोठं नुकसान होत नाही, चुकीच्या वेळी दिल्याने मात्र होऊ शकतं. पण ‘खात नाही म्हणून देत नाही’ असं दोन-तीन वेळा होऊ देऊ नका. इन्सुलिन नाही आणि खाणंही नाही, तर शरीर चरबी जाळतं आणि त्यातून तयार होणारे किटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ रक्तात साठतात. खात नाही आणि सोबत उलटी किंवा मलूलपणा असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुम्ही ओझरतं तोंडाने द्यायच्या नव्या औषधांबद्दलही विचारलंय. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन यांना मांजरांसाठी मान्यता मिळाली. ही मूत्रपिंडातून साखर बाहेर टाकतात. पण ती मान्यता आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहे, तेव्हा तुमच्या बोक्याला ती सध्या लागू नाही. शिवाय त्यांच्यावर असलेल्या मांजरात साखरेचा आकडा चांगला दिसत असतानाही किटोन वाढू शकतात, म्हणून तिथे भूक कमी होणं हे आणखी गंभीरपणे घ्यावं लागतं.

खाऊ द्यायचाच असेल तर उकडलेल्या चिकनचा किंवा मासळीचा बोटभर तुकडा, मीठमसाला न लावलेला. दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत. दुकानातले कुरकुरीत ट्रीट्स पिष्टाचेच असतात. मात्र खाऊ म्हणून चिकन देणं वेगळं आणि रोजचं जेवणच घरी शिजवणं वेगळं. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं, आणि मांजराला बाहेरूनच मिळावं लागणारं टॉरिन हे अमिनो आम्ल शिजवलेल्या पाण्यात उतरून जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराच्या हृदयाचा स्नायू सैल पडतो, हे १९८७ पासून माहीत आहे. घरचंच द्यायचं असेल तर पशू-आहारतज्ज्ञाकडून पाककृती आणि पुरवण्या ठरवून घ्या.

पुढे कधी मूत्रपिंडं कमजोर निघाली तर गणित बदलेल. मूत्रपिंडासाठीच्या खाण्यात फॉस्फरस कमी असतो, पण कर्बोदकं बऱ्याचदा जास्त असतात. तेव्हा कशाला झुकतं माप द्यायचं हे आजाराच्या टप्प्यावर ठरतं, आणि दोन्हींत बसणारं एखादं वेट फूड शोधावं लागतं.

दुसऱ्या मांजरीचं सोपं आहे. ती निरोगी, मोठी मांजर असेल तर तिनेही हेच वेट फूड खावं, तिच्या वजनानुसार मोजून. उलटं मात्र चालणार नाही. तिच्यासाठी म्हणून ठेवलेली ड्राय फूडची वाटी बोका शोधून काढणारच. तिला ड्रायच हवं असेल तर वेगळ्या खोलीत दार लावून द्या, किंवा मायक्रोचिप ओळखून उघडणारा फीडर घ्या.

एक वही करा: रोज काय आणि किती खाल्लं, इन्सुलिन किती दिलं, पाणी किती प्यायला, लिटरमधले गोळे किती मोठे, आठवड्यातून एकदा वजन. दवाखान्यात भेदरलेल्या मांजराची साखर तशीच चढते, त्यामुळे तिथल्या एका आकड्यापेक्षा या वहीतून डॉक्टरांना जास्त समजतं. पाणी कमी होत गेलं, गोळे लहान झाले आणि इंजेक्शनआधीची साखर वरचेवर खाली दिसू लागली, तर समजा की डोस कमी करायची वेळ आली आहे. तो कमी होत होत बंदही होऊ शकतो. तसं झालं तरी ड्राय फूडवर परत जायचं नाही, वजन वाढू द्यायचं नाही, आणि साखर अधूनमधून मोजत राहायची. इन्सुलिन सुटलेल्या मांजरांपैकी काहींचा मधुमेह परत येतो, आणि तो लवकर पकडला तर पुन्हा सुटण्याची संधी असते.